ऐटही हवी, आरामही हवा!

गणपतीपुळ्याची सहल ठरली की पहिला प्रश्न कोणता? 'कपडे कोणते घालायचे?' मग कपाटातून नवी कोरी, घट्ट जीन्स बाहेर येते. तिच्यावर काळा टी-शर्ट! फोटो झकास येतील, यात शंकाच नाही. पण त्या कपड्यांत दिवसभर काय काय करायचंय, याचा विचार केलात?

गणपतीपुळं रत्नागिरीपासून साधारण २५ किलोमीटरवर, अगदी समुद्राला लागून. देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची म्हणजे सुमारे एक किलोमीटर चालायचं. शिवाय वाळूत खेळायचं, लाटांत पाय भिजवायचे. आणि हवा कशी? दमट! घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटतं. पण हवेतच भरपूर बाष्प असलं की घाम लवकर वाळत नाही. त्यात कपडा अंगाला चिकटलेला असेल, तर वाऱ्याला आत शिरायला जागाच नाही. काळा रंग उन्हाची उष्णता जास्त शोषतो, ते वेगळंच.

'पण जीन्ससुद्धा सुतीच असते ना?' बरोबर! फक्त तिचं कापड जाड आणि घट्ट विणीचं असतं. कारण ती जन्मली कष्टकऱ्यांसाठी. जेकब डेव्हिस या अमेरिकेतल्या शिंप्यानं मजुरांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. २० मे १८७३ रोजी त्यानं आणि लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्यानं या युक्तीचं पेटंट मिळवलं. म्हणजे आधी गरज, ऐट आली नंतर!

हीच जीन्स समुद्रात भिजली की जड होते, पायांना चिकटते आणि लवकर वाळत नाही. वर वाळू! मांड्या सोलवटल्या की परतीच्या एसटीत नीट बसताही येत नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इथला समुद्र धोक्याचा आहे. कपडे कितीही हलके असले तरी घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे जायचं नाही.

कोकणातल्या माणसांनी हे गणित केव्हाच सोडवलं होतं. शेतात राबणारा गडी पंचा नेसायचा. पातळ, सुती, पिळून झटकला की वाळायला लागलाच! कोळणींचं काष्ट्याचं लुगडं वाकायला, भरभर चालायला मोकळं. या पोशाखात ऐट नाही असं कोण म्हणेल? शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्याला टाळ्या पडतात, त्यात त्या लुगड्याचाही वाटा असतोच की!

मग कायम सुतीच घालायचं का? तसंही नाही. कोकणातल्या पावसाळ्यात जाड सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला कुबट वास येतो. तिथं टेरिकॉट बरं. त्यातले पॉलिएस्टरचे धागे पाणी फारसं शोषत नाहीत, म्हणून ते लवकर वाळतं. घरी करून पाहा. सुती रुमाल, जुनी जीन्स आणि टेरिकॉटचा शर्ट भिजवून, पिळून एकाच दोरीवर टाका. कोण आधी वाळतं ते घड्याळ लावून लिहून ठेवा.

आता ऐटीचं बघू. आरामशीर म्हणजे गबाळा नव्हे! शर्ट सैल असावा, पण खांद्यावर नीट बसणारा. रंग फिका, पण तुमच्या आवडीचा. कॉलरला इस्त्री, बटणं जागच्या जागी. मग मोठ्या भावाचा जुना सुती शर्टही रुबाबदार दिसतो.

कोणी चिडवलंच, 'काय रे, जीन्स नाही का?' तर खुशाल सांगा, 'मला खेळायचंय!' कपडा सावरत बसणाऱ्याची निम्मी सहल त्यातच संपते.

म्हणून पुढच्या वेळी नवा कपडा घेताना आरशासमोर नुसते उभे राहू नका. हात वर करा, उकिडवे बसा, चार ढांगा टाका. कुठंही काचलं नाही आणि आरशातला चेहराही हसला, तर तो कपडा खुशाल घ्या!