कळलावीमुळे घरात कळ लागत नाही

पावसाळ्यात किनवट-माहूरच्या रानात झुडपांवर चढलेली कळलावी पाहावी. सहा पाकळ्या, कडा लाटांसारख्या, सगळ्या मागे वळलेल्या; उमलताना हिरवट-पिवळ्या, मग हळूहळू लालभडक. पानाचं टोकच ताणा होऊन आधाराला विळखा घालतं. इतकी देखणी वेल, पण अंगणात लावायचं नाव काढलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "नको गं बाई, घरात भांडणं लागतील."

'कळ लावणे' या शब्दप्रयोगावरून काढलेला हा अर्थ चुकीचा आहे. ही कळ बाळंतपणाची. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरत. संस्कृतात हिला 'गर्भपातिनी' म्हणतात ते उगाच नाही. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून दुसरं नाव 'लांगली'.

भ्यायचंच तर विषाला भ्या. "औषधी आहे, थोडं उगाळून घेतलं तर काय होतं?" हा समज जिवावर बेततो. आयुर्वेदानेच हिला उपविषांत गणलं आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, आणि ते उकडून जात नाही. श्रीलंकेत रताळं समजून कंद खाल्लेली माणसं दगावली आहेत. गाऊटवर कोल्चिसिन देतात, पण डॉक्टर मोजून देतात तेव्हाच. कोणाच्या पोटात चुकून गेलंच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.

हिवाळ्यात वेल वाळली की 'मेली' म्हणून लोक उपटून टाकतात. ती मेलेली नसते, कंद जमिनीत झोपलेला असतो. उन्हाळाभर त्याला पाणी लागत नाही, उलट दिलं तर तो कुजतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या बागेला याहून सोयीची वेल कोणती?

रानातली म्हणून गडद सावली मात्र देऊ नका, फुलं येणार नाहीत. कडुलिंबाची विरळ सावली आणि सकाळचं ऊन पुरे. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून वाळू-मुरूम मिसळून उंच वाफा करा. मृगाच्या सुमारास हातमोजे घालून कंद आडवा, चार बोटं खोल लावा. टोकाचा डोळा मोडला तर तो उगवत नाही. लहान मुलं आणि शेळ्या पोहोचतील अशा जागी लावू नका.

आणि कंद रोपवाटिकेतूनच घ्या. किनवटच्या रानातला खणून आणू नका.