मिठाचा रस्ता आणि मोटरसायकल

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे आपल्याकडील गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. झाकण घट्ट लावा, आत तांदळाचे चार दाणे टाका, तरी आषाढ आला की मीठ ओलावतेच. त्या बरणीत विसरून राहिलेला लोखंडी चमचा चार दिवसांत तांबूस होतो आणि मग कितीही घासला तरी पहिल्यासारखा होत नाही. वाचकहो, आज ज्या विषयावर आम्ही लिहीत आहोत त्याचे बहुतेक शास्त्र त्या बरणीत सामावलेले आहे. फरक इतकाच की बरणीच्या जागी इंग्लंडातील हिवाळी रस्ता आहे आणि चमच्याच्या जागी आपल्यापैकी कोणाच्या तरी मुलाची मोटरसायकल.

हा विषय आमच्यापुढे कसा आला ते प्रथम सांगितले पाहिजे. गोव्यातील पुष्कळ कुटुंबे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे इंग्लंडात गेली आणि त्यांतील बरीचशी स्विंडन या नगरात स्थिरावली, हे वाचकांस ठाऊकच आहे. तेथील एका गोदामात काम करणारा एक तरुण गेल्या वर्षी मे महिन्यात घरी आला असता आम्हांस भेटावयास आला. त्याची पाळी पहाटे सहाला सुरू होते. त्या वेळी बस मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षाच्या बचतीतून त्याने एक जुनी मोटरसायकल घेतली होती. तो म्हणाला, “फादर, मी गाडीला जिवापलीकडे जपले. रोज रात्री गरम पाण्याने, भांड्यांचा साबण लावून धुतली. ताडपत्रीत गुंडाळून ठेवली. तरी मार्चमधल्या एका सकाळी पुढचा ब्रेक दाबला, तो सुटेचना.” चाक जागीच आवळले गेले. मागून मालमोटार येत होती. चालकाने वेळीच गाडी बाजूला घेतली म्हणून हा मुलगा आज आपल्यात आहे.

त्याचा प्रश्न एवढाच होता: “माझे काय चुकले?” आम्ही त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. नंतर जाणकारांना विचारून आणि थोडे वाचून जे समजले ते येथे देत आहोत; कारण आपल्या किती घरांतील मुले आज त्या देशात दुचाकीवरून कामाला जातात, हे आम्ही जाणतो.

तिकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात हे त्याच्या आईने त्या दिवशी प्रथमच ऐकले. “रस्त्यावर मीठ? अन्नातले मीठ!” असे म्हणून ती माउली कितीतरी वेळ मान हलवीत राहिली. पण ते अन्नातले मीठ नव्हे. आपल्या सैंधवाचाच तो एक मळकट भाऊबंद आहे. चेशर परगण्यात विन्सफर्ड येथे १८४४ साली सुरू झालेली मिठाची एक प्रचंड खाण आहे. सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या खाऱ्या पाण्याचा तो साठा दीडशे मीटरांहून अधिक खोलीवर आहे. मातीच्या मिश्रणाने ते मीठ तपकिरी दिसते. साधे पाणी शून्य अंशाला गोठते. परंतु शंभर भाग द्रावणात दहा भाग मीठ असले, तर ते उणे सहा अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणून ऑक्टोबरापासून एप्रिलपर्यंत, हिम पडण्याचा अंदाज दिसला की रात्रीच मोठमोठ्या गाड्या रस्त्यावर मीठ फेकीत जातात. प्रत्येक चौरस मीटरला साधारणतः दहा ते वीस ग्रॅम. त्याने असंख्य अपघात टळतात, तेव्हा त्या मिठाला दोष देण्याचे कारण नाही. पण चाकांनी उडविलेले तेच खारट पाणी यंत्राच्या प्रत्येक सांध्यात शिरते.

लोखंड गंजण्यास पाणी आणि हवा पुरेशी असते. मीठ त्या क्रियेला वेग देते, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणे ही मुळात एक विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. ॲल्युमिनियमवर जी पातळ, संरक्षक पापुद्र्यासारखी कवची असते, तीही मीठ फोडते, आणि मग तेथे पांढरी भुकटी धरू लागते. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसविलेला असेल तर दोन धातूंच्या त्या जोडात नाश आणखी लवकर होतो. शिवाय बरणीची गोष्ट येथेही लागू आहे. हवेतील दमटपणा शेकडा पंचाहत्तरच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी शोषून ओले होते. इंग्लंडातील हिवाळा बहुधा त्याहून दमटच असतो. म्हणजे रस्ता कोरडा दिसला, पाऊस पडला नाही, तरी गाडीवरचे मीठ आपले काम करीतच राहते.

ही केवळ जुन्या गाडीची रडकथा आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशात चेन्नईजवळ तयार होणाऱ्या रॉयल एनफिल्डच्या मोटरसायकली इंग्लंडात मोठ्या संख्येने विकल्या जातात. २०२० साली त्या कंपनीने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरिया येथील सुमारे १५,२०० गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाशी दीर्घकाळ संबंध आल्याने काही गाड्यांच्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये गंज धरल्याचे आढळले होते. कंपनीने ही गोष्ट आपण होऊन जाहीर केली, हे तिच्या पदरी घातले पाहिजे. आमच्या तरुणाची गाडी निराळ्या बनावटीची होती. रोग मात्र तोच.

आता त्याचे काय चुकले ते पाहू. गरम पाण्याने मीठ चटकन निघते अशी त्याची समजूत होती. साखरेच्या बाबतीत ते खरे आहे; मिठाच्या बाबतीत नाही. शून्य अंशाच्या शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे छत्तीस ग्रॅम मीठ विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे एकोणचाळीस. एवढ्याशा लाभासाठी धातू तापवून गंजाची क्रिया जलद करण्यात काय अर्थ? थंड पाणीच घ्यावे, आणि भरपूर घ्यावे. भांडी घासण्याच्या पातळ साबणात तो दाट व्हावा म्हणून बहुधा मीठच घातलेले असते. म्हणजे हा मुलगा मीठ धुण्यासाठी मीठ चोळीत होता! गाड्यांसाठी मिळणारा सौम्य साबण आठवड्यातून एकदा पुरे. रोज नुसते पाणी चालेल. आणि ताडपत्री? ओल्या गाडीवर हवाबंद आच्छादन घातले की आतल्या आत वाफ धरते. आमच्या मते त्याच्या तीन चुकांत हीच सर्वांत घातक. छपराखाली, वारा खेळता राहील अशी जागा उत्तम. तशी नसेल तर हवा जाणारे कापडी आच्छादन घालावे, तेही गाडी वाळल्यावर.

“पण मी वरच्या मजल्यावर राहतो, खाली नळच नाही,” अशी त्याची अडचण होती. आपल्याकडे बागेत फवारणीसाठी वापरतात तसला पाच लिटरचा हातपंप तेथे सहज मिळतो. तो भरून खाली न्यावा आणि चाकांची आतली बाजू, मडगार्डाखालची पोकळी, इंजिनाचा पुढचा भाग व ब्रेक येथे फवारावा. दिसणारी टाकी चकचकीत ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो. मीठ बसते ते न दिसणाऱ्या जागी. जोरकस झोताचे यंत्र वापरावयाचे झाल्यास चाकांची बेअरिंगे, हँडलचा सांधा, साखळी आणि विजेच्या तारांचे जोड यांवर तो झोत जवळून धरू नये, कारण ग्रीस बाहेर आणि पाणी आत असा उलटा व्यवहार होतो.

धुण्याहून महत्त्वाचे काम मात्र हिवाळ्यापूर्वीचे आहे. सप्टेंबरात गाडी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी आणि उघड्या धातूवर संरक्षक तेलाचा पातळ थर द्यावा. तिकडचे मोटरसायकलस्वार एसीएफ-५० नावाचे द्रव्य फार वापरतात. ते मूळचे विमानांसाठी बनविलेले आहे. फवाऱ्यापेक्षा फडक्याने वा ब्रशाने लावावे, म्हणजे ते ब्रेकच्या चकतीवर, पॅडवर किंवा टायरवर उडत नाही. तेथे उडाले तर गंजापासून वाचलेला माणूस घसरून मरावयाचा. हिवाळ्यात एकदोनदा पुन्हा लावावे लागते. अशा गाडीवर धूळ बसते आणि ती ओंगळ दिसते, दिसू द्यावी.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कॅलिपरमध्ये एक पिस्टन असतो आणि त्याच्याभोवती खाचेत बसविलेले रबरी कडे. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो व रबर किंचित ताणले जाते. सोडला की तेच रबर पिस्टनला केसभर मागे ओढते. हे केसभर अंतर म्हणजेच मोकळे फिरणारे चाक. रबराच्या मागील खाचेत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचली की ती रबराला पिस्टनवर आवळून धरते. मग पिस्टन पुढे जातो, परंतु मागे येत नाही. त्या तरुणाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते, असे तेथील मेकॅनिकने त्याला कॅलिपर उघडून दाखविले.

हे एका रात्रीत होत नाही, आणि म्हणूनच ते आधी ओळखता येते. पंधरा दिवसांतून एकदा गाडी स्टँडवर चढवून, पुढचे चाक वर उचलून हाताने फिरवावे. मग ब्रेक दाबून सोडावा आणि पुन्हा फिरवावे. चाक जड लागले किंवा गाडी ढकलताना घासल्याचा आवाज येऊ लागला, तर त्या गाडीवर कामाला जाऊ नये; पाळी चुकली तरी चालेल. पिस्टनच्या उघड्या भागाभोवतीची घाण दात घासण्याच्या मऊ ब्रशाने, साबणाच्या पाण्याने काढावी. हिवाळ्याच्या आरंभी व शेवटी पॅड काढून आतील साफसफाई करवून घ्यावी आणि ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे. ही दोन्ही कामे जाणत्या माणसाकडे द्यावीत. येथे हात शिकवून घेण्याचा प्रयोग करू नये. धुतल्यानंतर ब्रेक ओले असतात, म्हणून निघताना सावकाश जात ते दोनचार वेळा दाबून वाळवावेत.

साखळीचे काम सोपे आहे: रॉकेलने भिजविलेल्या फडक्याने पुसावी आणि फेरी मारून आल्यावर, ती कोमट असताना वंगण द्यावे. इंजिन चालू ठेवून साखळी पुसण्याचा आळस काही जण करतात. त्यांतल्या काहींची बोटे गेली आहेत.

एप्रिलात मीठ टाकणे थांबले तरी ते रस्त्याच्या कडेला उरतेच. दोनचार जोरदार सरी पडून रस्ते धुऊन निघाल्यावर मगच संरक्षक थर उतरवावा.

आमच्या तरुणाने गेला हिवाळा असा काढला. यंदाच्या मार्चमध्ये एका रविवारी त्याने पुढचे चाक उचलून फिरविले आणि त्याचा आवाज आईला फोनवर ऐकविला. तिला त्यातले काही कळले नाही. पण चाक थांबेपर्यंत तिने फोन कानापासून दूर केला नाही.