लेखणी यंत्राची, मोर्तब आपले

मराठेशाहीत पत्राचा मजकूर कारकून लिही. धन्याचा शिक्का माथ्यावर व मोर्तब शेवटी उमटे. मोर्तबापुढे अक्षर वाढवावयाचे नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथलाच.

आता संगणकात नवा कारकून आला आहे. २००४ साली निघालेले ‘सेलेनियम’ हे चाचणीचे साधन नेमून दिलेल्या रकान्यांतच लिहिते. आजची कृत्रिम प्रज्ञा संकेतस्थळाचे पान वाचून रकाने स्वतः ओळखते व अर्ज भरते.

मुरारच्या विद्यार्थ्याचा प्रवेशअर्जही ती भरील. परंतु आपल्या तीनपदरी नावातील वडिलांचे नाव आडनावाच्या जागी पडले, तर गुणपत्रिकेशी मेळ बसणार नाही. ‘वरील माहिती सत्य आहे’ या ओळीला उत्तरदायी यंत्र नव्हे, विद्यार्थीच. लेखणी यंत्राला द्यावी. मोर्तब मात्र मजकूर वाचून स्वहस्ते करावे.