कथाबीजाची पारख

कथा सुचावी कशी, असे नवे लेखक नेहमी विचारतात. सुचलेली कथा पारखावी कशी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते खरी अडचण तेथेच आहे.

गोमंतकातील डिचोली तालुक्यात मांडवीच्या तीरी वसलेले आमोणे पाहा. लोहखनिजाची वाहतूक आणि भातशेती या दोहोंनी या परिसराचे जीवन घडविले. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या. काही काळ सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ही झाली बातमी. आता कर्ज काढून ट्रक घेतलेला एक तरुण कल्पनेने उभा करू. हप्ते थकले आहेत. खाणीच्या मातीने बुजलेले वडिलांचे शेत मात्र नुकतेच पुन्हा पिकू लागले आहे. खाण सुरू व्हावी, या अर्जावर मुलगा वडिलांची सही मागतो. येथे बातमी संपते व कथा सुरू होते; कारण उत्तर कोणतेही दिले तरी घरातील एकाचे नुकसान ठरलेलेच.

आमोण्यास वेताळाचे देवालय आहे. ‘वेताळपंचविशी’तील वेताळ तर कथेचा उत्तम परीक्षक होय. प्रत्येक कथा तो पेचावर आणून सोडतो. राजा उत्तर देतो, मौन मोडते, वेताळ पुन्हा झाडावर जातो. शेवटच्या प्रश्नाला मात्र राजापाशी उत्तर नसते. लेखकानेही स्वतःस असाच प्रश्न घालावा. उत्तर तत्काळ सुचले, तर हाती बोधकथाच येणार. सुचले नाही, तर ते बीज जपून ठेवावे.

दुसरी कसोटी स्थळाची. हीच गोष्ट इंदुरास वा बडोद्यास नेऊन पाहावी. काही न बदलता ती तेथे उभी राहिली, तर आमोणे केवळ शोभेपुरते आले असे समजावे. सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई यांनी गोमंतकीय जीवन मराठी कथेत आणले, ते जवळचे जग निरखूनच.

तिसरी कसोटी घरची. रात्रीच्या जेवणानंतर गोष्ट तोंडी सांगावी. ‘मग?’ असे कोणी विचारले, तर लिहावयास बसावे.

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांतही असे पेच कमी नाहीत. मूळ गावची जमीन विकावी की राखावी, नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलावे, यांवर घरोघरी मतभेद असतात. पुण्या-मुंबईच्या कथांचे अनुकरण करण्यापूर्वी आपल्या लेखकांनी ते एकदा कान देऊन ऐकावेत.