पितळखोऱ्याचा ओढा आणि आपला नाला

पाचोडकडील शेतकऱ्यास ओढा म्हटला म्हणजे पावसाळ्यांत गढूळ लोंढा व पुढें कोरडी वाळू, एवढेंच आठवतें. गतवर्षीं भाद्रपदांत कन्नड तालुक्यांतील पितळखोरें पाहण्याचा योग आला, तेव्हां ओढ्याचें निराळें रूप आमच्या दृष्टीस पडलें. दोन दिवस पाऊस नव्हता, तरी दरींतील पाणी वाहत होतें, आणि तळींचा खडा दिसावा इतकें तें नितळ होतें.

ही दरी गौताळा औट्रमघाट अभयारण्यांत आहे. सन १९८६ सालीं सातमाळा डोंगरांतील सुमारें २६० चौरस किलोमीटर रान सरकारनें राखलें. साग, सालई, पळस यांचा पालापाचोळा जमिनीवर कुजतो. पावसाचा थेंब त्यावर पडून मुरतो, माती घेऊन पळत नाहीं. तेथील लेणीं दोन हजार वर्षांहून जुनीं. डोंगरांतून झिरपणारें पाणी बाहेर काढण्यासाठीं कारागिरांनीं खडकांत वाटा कोरल्या आहेत. मुरलेल्या पाण्याची जाण त्यांस होती.

रान असलें म्हणजे पूर येतच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं याच डोंगरांत अतिवृष्टि होऊन कन्नड घाटांत दरडी कोसळल्या व तितूर आणि डोंगरी या नद्यांचें पाणी चाळीसगांवांत शिरलें. शिवाय रानाच्या शिवेवरील शेतकऱ्याची मक्याची राखण रात्रीं कोण करतो? रानडुकरें शिरतात तीं त्याच्याच पिकांत, आणि गुरें चारण्याची बंदीहि त्यालाच. नितळ पाण्याचें कौतुक करणाऱ्या आपण खालच्यांनीं हें विसरणें बरें नव्हे.

कारण त्या डोंगराचा दक्षिण उतार आपल्याशीं बांधलेला आहे. शिवना तिकडेच उगम पावून गोदावरीस मिळते. तें पाणी नाथसागरांत येतें, आणि उघड्या शेतांतली मातीहि त्याच्याबरोबर येते. २०१२-१३ च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा जळतांना ज्यांनीं पाहिल्या, त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

परत आल्यावर आम्हीं आपल्या नाल्याच्या दोन्ही कांठांस दहा-दहा हातांची पट्टी नांगर न घालतां सोडली. चराई बंद ठेवतांच मारवेल आपोआप उठला. यंदांच्या पावसांत त्या बाजूचा बांध फुटला नाहीं. विहिरीस कांहीं फरक पडला कीं नाहीं, तें वैशाखांत दोर सोडून पाहूं.