रांगेतल्या माणसाचा हिशेब : नोटाबंदीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी दूरचित्रवाणीवर आले. चार तासांनी, मध्यरात्रीच्या ठोक्याला, पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या. देशात फिरणाऱ्या चलनाचा मूल्याने ८६ टक्के हिस्सा या दोन नोटांत होता. दुसऱ्या दिवशी बँका बंद राहिल्या आणि तिसऱ्या दिवसापासून रांगा लागल्या.

त्या रांगेतल्या माणसावर दोघांनीही हक्क सांगितला. सत्ताधारी म्हणाले, तो देशासाठी हसतमुखाने उभा आहे. विरोधक म्हणाले, तो सरकारविरुद्ध पेटून उठला आहे. प्रत्यक्षात त्याला आपलेच पैसे हवे होते, आणि हे सारे कशासाठी चालले आहे याचे सरळ उत्तर हवे होते. इतकी वर्षे लोटली तरी त्या काळाबद्दलची आपली चर्चा अर्धवट आकडे आणि ऐकीव गोष्टींवर चालते. म्हणून सर्वांत पक्के बसलेले काही गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : काळा पैसा रद्दी झाला

लाखो कोटींच्या नोटा परत येणारच नाहीत, कुणी जाळतील, कुणी नदीत सोडतील, असा तेव्हा बोलबाला होता. बाद नोटांपैकी दहा ते अकरा लाख कोटी रुपये बँकांत परततील, असा अंदाज खुद्द केंद्राच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात मांडण्यात आला होता. उरलेले चार-पाच लाख कोटी बुडणार, असा त्याचा अर्थ.

वस्तुस्थिती रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात आहे. बाद झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, म्हणजे ९९.३ टक्के. जे आले नाहीत ते साधारण १०,७०० कोटी.

यावरून उलट बाजूचाही एक गैरसमज तयार झाला : पैसा बँकेत आला म्हणजे सगळा पांढरा झाला. तेही खरे नाही. खात्यात पैसा आला की त्याला नाव चिकटते, आणि आयकर खात्याने उत्पन्नाशी न जुळणाऱ्या रकमा भरलेल्या लाखो खातेदारांकडे विचारणा केली. पण दंड भरून मोकळे होण्यासाठी जी योजना आणली, तिच्यात जाहीर झालेली रक्कम पाच हजार कोटींच्या आसपासच राहिली. नोटाबंदीच्या आधी, सप्टेंबर २०१६ ला संपलेल्या उत्पन्न जाहीर करण्याच्या योजनेत मात्र ६५ हजार कोटींहून अधिक रक्कम उघड झाली होती. देश रांगेत उभा न करता.

गैरसमज २ : बनावट नोटांचा महापूर आला होता

बनावट नोटा होत्या, आणि सीमेपलीकडून येत होत्या, याबद्दल वाद नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने चलनातल्या बनावट नोटांचा अंदाज सुमारे ४०० कोटी रुपये सांगितला होता. पंधरा लाख कोटींच्या तुलनेत तो किती, हे प्रत्येकाने मनाशी मांडून पाहावे. हा आकडा निर्णयाआधी ठाऊक होता, हे महत्त्वाचे.

गैरसमज ३ : रिझर्व्ह बँकेने सांगितले, सरकारने केले, आणि न्यायालयाने शिक्का मारला

रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक झाली ती ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, भाषणाच्या अवघे काही तास आधी. सरकारच्या प्रस्तावाचे पत्र आदल्या दिवशी आले होते. माहितीच्या अधिकारात २०१९ मध्ये या बैठकीचे इतिवृत्त बाहेर आले. त्यात मंडळाने मान्यता दिली आहे, पण दोन गोष्टी स्पष्ट नोंदवल्या आहेत : बहुतांश काळा पैसा रोख स्वरूपात नसून सोने आणि जमीनजुमल्यात आहे, आणि ४०० कोटींच्या बनावट नोटा एकूण चलनाच्या मानाने फार मोठ्या नाहीत. म्हणजे ज्या शंका पुढे रांगेतल्या माणसाने बोलून दाखवल्या, त्या आधीच कागदावर होत्या.

२ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने नोटाबंदी वैध ठरवली. बहुमताचा निकाल न्या. भूषण गवई यांनी लिहिला. न्यायालयाने निर्णयाची प्रक्रिया तपासली; उद्दिष्ट साध्य झाले की नाही हा मुद्दा निर्णय वैध की अवैध हे ठरवताना गैरलागू मानला. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळे मत दिले : प्रस्ताव केंद्राकडून आला असेल तर तो संसदेच्या कायद्याने किंवा अध्यादेशाने व्हायला हवा होता, केवळ अधिसूचनेने नाही. वैध म्हणजे यशस्वी, असा अर्थ दोन्ही निकालपत्रांतून निघत नाही.

गैरसमज ४ : त्रास सगळ्यांना सारखाच झाला

हा सर्वांत रुजलेला आणि महाराष्ट्राने तरी कधी मान्य करू नये असा समज.

१० नोव्हेंबरपासून इतर बँकांसारख्याच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही जुन्या नोटा घेत होत्या. चार दिवसांतच, १४ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने त्यांना मनाई केली : जुन्या नोटा बदलायच्या नाहीत, जमाही करून घ्यायच्या नाहीत. या मार्गाने काळा पैसा पांढरा होईल, ही भीती त्यामागे होती. या बँकांवर पुढाऱ्यांची पकड होती, काहींचा कारभार वाईट होता, हे खोटे नाही. पण खाते शेतकऱ्याचे होते. महाराष्ट्रात पीककर्ज, दुधाचे पैसे, उसाचे बिल, शिक्षकांचा पगार हे सारे वर्षानुवर्षे याच बँकांतून जात आले. गावात दुसरी बँक नाही, तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडणार, आणि हंगाम रब्बीच्या पेरणीचा.

चार दिवसांत जमा झालेल्या नोटा या बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची परवानगी मिळाली जून २०१७ मध्ये, तब्बल सात महिन्यांनी. तोवर आपले पैसे मागायला आलेल्या सभासदाला द्यायला त्यांच्याकडे नवी रोकड पुरेशी नव्हती.

बाजारातही तेच. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव काही दिवस थांबले. सुरू झाले तेव्हा व्यापाऱ्याच्या हाती रोख नव्हती आणि शेतकऱ्याच्या हाती धनादेश आला. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर आठवड्याचा पगार रोखीने होतो. तिथे माग थांबले तसे परप्रांतीय कामगार गावी परतू लागले. ज्याच्याकडे कार्ड होते त्याचा वेळ गेला, ज्याच्याकडे फक्त नोटा होत्या त्याचा रोजगार गेला.

सरकारी आकडेवारीत २०१६-१७ चा विकासदर आठ टक्क्यांच्या वर दिसतो, त्यावरून ‘नुकसान झालेच नाही’ असे सांगितले जाते. पण छोट्या, नोंद नसलेल्या धंद्यांची मोजणी दर तिमाहीला होत नाही; संघटित क्षेत्राच्या चालीवरून तिचा अंदाज बांधला जातो. ज्या वेळी संघटित क्षेत्र तगले आणि असंघटित कोलमडले, त्या वेळी हा अंदाज चुकणे स्वाभाविक आहे. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ आणि सहकाऱ्यांनी रात्रीच्या दिव्यांचा प्रकाश आणि जिल्ह्यांतली नोटांची टंचाई यांचा मेळ घालून अभ्यास केला. नोटाबंदीच्या तिमाहीत आर्थिक व्यवहारांची वाढ किमान दोन टक्के अंकांनी घटल्याचे त्यातून दिसले.

गैरसमज ५ : हे सगळे रोकडमुक्त व्यवहारांसाठीच होते

८ नोव्हेंबरच्या भाषणात उद्दिष्टे होती काळा पैसा, भ्रष्टाचार, बनावट नोटा आणि दहशतवादाचा पैसा. रोकड कमी वापरण्याचा मुद्दा पुढच्या आठवड्यांत पुढे आला. आज भाजीवालीच्या गाडीवर लटकणारा क्यूआर कोड पाहून ‘हे नोटाबंदीचे फळ’ असे आपण म्हणतो, तेव्हा एक विसरतो : यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ ला, नोटाबंदीच्या सात महिने आधी झाली होती. नोटाबंदीने तिला धक्का दिला. वाढवले ते स्वस्त मोबाइल डेटाने आणि नंतरच्या वर्षांनी. रोकडही हटली नाही. नोटाबंदीआधी चलनात सुमारे १८ लाख कोटी होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये लोकांच्या हाती जवळपास ३१ लाख कोटी होते. नोटाबंदीच्या वेळी नव्याने छापलेली दोन हजारांची नोट रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये चलनातून काढून घेण्यास सुरुवात केली.

गैरसमज ६ : विरोधक तरी लोकांच्या बाजूने लढले

काही जण लढले, काही बोलले. डॉ. मनमोहन सिंग यांचे २४ नोव्हेंबरचे राज्यसभेतले भाषण मुद्द्याला धरून होते. पण एकूण चित्र वेगळे आहे.

हिवाळी अधिवेशन १६ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर चालले. लोकसभेत चर्चा मतदानासह हवी, अशी विरोधकांची अट. मतदानाविना व्हावी, असा सरकारचा हट्ट. पंतप्रधान सभागृहात हवेत, ही आणखी एक मागणी. या रस्सीखेचीत दोन्ही सभागृहांत ठरलेल्या वेळेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकेच काम झाले. बाद नोटांवरच्या कराची तरतूद करणारे विधेयक २९ नोव्हेंबरला लोकसभेत गदारोळातच, चर्चेविना मंजूर झाले. ज्या क्षणी कलमागणिक प्रश्न विचारायचे, त्या क्षणी सभागृहात घोषणा चालल्या होत्या. भाजपचेच ज्येष्ठ नेते लालकृष्ण अडवाणी यांनी या गोंधळावर नाराजी बोलून दाखवली. राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांनी खासदारांना देवाचा दाखला देऊन आपले काम करायला सांगितले.

विरोधकांत एकवाक्यताही नव्हती. ममता बॅनर्जी निर्णय मागे घ्या म्हणत होत्या, तर नितीशकुमार आणि नवीन पटनाईक यांनी त्याचे स्वागत केले. केंद्रात आणि राज्यात सत्तेत भागीदार असलेली शिवसेना ममतांबरोबर राष्ट्रपती भवनाकडे चालत गेली, आणि सत्तेतही राहिली.

गैरसमज ७ : निवडणूक जिंकली म्हणजे राग नव्हताच

नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस महाराष्ट्रात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि भाजपला सर्वाधिक नगराध्यक्षपदे मिळाली. मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात भाजपने ४०३ पैकी ३१२ जागा जिंकल्या. त्याच वेळी पंजाबात सत्तेतली अकाली-भाजप युती हरली. मतदार एका मतात वीज, जात, उमेदवार, नेत्यावरचा विश्वास आणि समोरचा पर्याय असे सगळे तोलतो. श्रीमंतांची झोप उडाली, ही भावनाही अनेकांच्या मनात प्रामाणिक होती. मिळालेले मत म्हणजे सोसलेल्या त्रासाची पावती, असे कुणीही मानू नये.

राग कुठे गेला याची एक खूण आपल्याच मातीत आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात विरोधी पक्षांची संघर्ष यात्रा वातानुकूलित बसमुळे चर्चेत आली. सत्ताधारी भाजपने शिवार संवाद काढला. शेतकऱ्यांनी दोघांचीही वाट पाहिली नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेत संपाचा ठराव झाला आणि १ जूनपासून राज्यात दूध-भाजीपाला थांबला. तुरीचे कोसळलेले भाव, थकलेले कर्ज अशी त्याची कारणे अनेक होती, नोटांची टंचाई त्यातली एक. महिना संपण्याआधी ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. पक्षांच्या व्यासपीठावर न मिळालेला आवाज लोकांनी गावच्या पारावर शोधला.

मग मागायचे काय?

१३ नोव्हेंबर २०१६ रोजी गोव्यात बोलताना पंतप्रधानांनी देशाकडे ५० दिवस मागितले होते, ३० डिसेंबरपर्यंत. बचत खात्यातून आपलेच पैसे काढण्यावरची मर्यादा पूर्ण उठली ती १३ मार्च २०१७ ला. मागितले होते त्याच्या दुपटीहून अधिक दिवस लोकांनी दिले. त्या बदल्यात त्यांना कुठल्याही सभागृहात उभे राहून दिलेला, उद्दिष्टागणिक हिशेब मिळाला नाही. आणि तो मागण्यासाठी सभागृह चालू ठेवायचे काम विरोधकांनी केले नाही.

पुढचा धक्का कुठला असेल, कोणत्या पक्षाच्या काळात येईल, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण तेव्हा आपल्या खासदाराला, तो सत्तेतला असो वा विरोधातला, विचारायचे प्रश्न आताच पाठ करून ठेवता येतील. उद्दिष्ट काय, ते कोणत्या आकड्यावर मोजायचे, कोणत्या तारखेला? आणि चर्चा झाली त्या दिवशी तुम्ही सभागृहात काय बोललात? राज्यसभेत १६ नोव्हेंबर २०१६ ला सुरू झालेली नोटाबंदीवरची चर्चा त्या अधिवेशनात पूर्ण झालीच नाही. रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाचे त्या अपुऱ्या चर्चेवर अजून येणे बाकी आहे.