मस्कोकाची नौकागृहे

नौकागृह अथवा बोटहाऊस म्हणजे नौका ठेवण्यासाठी जलाशयाच्या काठावर किंवा काठालगतच्या पाण्यात बांधलेली इमारत होय. नावातील साम्यामुळे तिची हाऊसबोटीशी गल्लत होते. काश्मीर व केरळमधील हाऊसबोट ही राहण्यासाठी सजवलेली नौका असते आणि ती तरंगते. नौकागृह मात्र तळाशी पक्के रोवलेले असते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील मस्कोका हा सरोवरांचा प्रदेश खाजगी नौकागृहांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. तेथे सरोवराकाठच्या उन्हाळी घराला, मग ते कितीही मोठे असो, 'कॉटेज' म्हणतात आणि नौकागृह हे अशा मालमत्तेचे सर्वांत देखणे, पण सर्वांत नाजूक अंग असते.

पार्श्वभूमी

मस्कोका टोरोंटोच्या उत्तरेस असून मस्कोका, रोसो व जोसेफ ही तेथील तीन मोठी सरोवरे आहेत. 1868 च्या कायद्याने येथे वसाहतकऱ्यांना शेतीसाठी फुकट जमिनी देण्यात आल्या. परंतु ग्रॅनाइटच्या खडकावरील मातीचा थर इतका पातळ होता की शेती फारशी साधली नाही. प्रदेश सावरला तो पर्यटनामुळे. 1866 मध्ये 'वेनोना' ही आगबोट सुरू झाली, 1871 मध्ये पोर्ट कार्लिंग येथे मस्कोका व रोसो ही सरोवरे जोडणारे जलपाश बांधले गेले आणि 1875 मध्ये रेल्वे ग्रेव्हनहर्स्टपर्यंत पोहोचली. तेथून पुढचा प्रवास पाण्यानेच होई. रस्ते नसल्याने कॉटेजचे दर्शनी अंग सरोवराकडे असे आणि पाहुणा प्रथम पाऊल ठेवी ते नौकागृहाच्या धक्क्यावर. त्यामुळे एरवी साधी राहिली असती अशी ही कोठारे नक्षीदार कठडे, उतरती छपरे व माडी असलेल्या इमारती बनल्या. ग्रेव्हनहर्स्टच्या डिचबर्न कारखान्यासारख्या ठिकाणी घडलेल्या महोगनी लाकडाच्या लांब, निमुळत्या मोटारनौकांना उन्हापावसापासून जपणे हाही त्यामागील एक हेतू होता.

पाया आणि बर्फ

नौकागृह पाहणाऱ्याची नजर छपराकडे व माडीकडे जाते; त्याचे आयुष्य मात्र पाण्याखाली ठरते. मस्कोकाची सरोवरे हिवाळ्यात गोठतात. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. शिवाय तयार झालेली बर्फाची लादी थंडीने आकसून तडकते, तडे पाण्याने भरून गोठतात आणि पुन्हा उबदार दिवस आला की ती प्रसरण पावून काठाकडे रेटा देते. याहून घातक असते ते उचलले जाणे. बर्फ खांबाला घट्ट चिकटलेला असताना वसंतात वितळलेल्या हिमाचे पाणी येऊन पातळी वाढली, तर लादी वर जाताना खांबही सोबत उपसते. पाणी ओसरल्यावर खांब मूळ जागी बसतोच असे नाही, कारण त्याच्या तळाशी तोवर गाळ किंवा दगड सरकलेला असतो. असे काही हिवाळे गेले की इमारत वाकडी होते.

यावरील पारंपरिक उपाय म्हणजे क्रिब. जाड ओंडके आडवे-उभे एकावर एक रचून केलेला हा चौकोनी पिंजरा असतो व तो दगडांनी भरतात. केवळ वजनाच्या जोरावर तो तळाशी टिकतो. खडकाळ तळात खांब ठोकणे शक्य नव्हते, तेव्हा हाच मार्ग होता. त्याची बांधणी हिवाळ्यात करण्याची प्रथा आहे. गोठलेल्या सरोवरावर पिंजरा उभारायचा, बर्फ कापून तो खाली सोडायचा आणि मग दगड टाकायचे. ज्या बर्फापासून संरक्षण हवे, तोच येथे कारागिरांचा ओटा होतो. सतत पाण्यात बुडालेले लाकूड दीर्घकाळ टिकते; कुजते ते पाण्याच्या रेषेजवळचे, जेथे ओल व हवा आलटून पालटून मिळतात. म्हणून जुन्या नौकागृहाच्या दुरुस्तीत बऱ्याचदा इमारत जॅकने उचलून क्रिबचे फक्त वरचे थर बदलतात. अलीकडे खडकात भोक पाडून बसवलेले पोलादी खांबही वापरले जातात. ते तळाची जागा कमी व्यापतात आणि पाणी त्यांच्यामधून मोकळे वाहते.

दुसरा उपाय बुडबुड्यांचा. गोडे पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते, म्हणून हिवाळ्यात सरोवराच्या तळाशी वरच्यापेक्षा किंचित उबदार पाणी साठते. तळाशी छिद्रांची नळी टाकून तिच्यातून हवा सोडली, की बुडबुडे हे पाणी वर आणतात आणि खांबांभोवती बर्फ धरत नाही. हे यंत्र पाणी तापवत नाही, फक्त हलवते. उथळ जागी जेथे तळाचे पाणीच थंड असते, तेथे त्याचा उपयोग थोडा. वीज गेली तर संरक्षणही जाते. आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: बर्फात मोकळे ठेवलेले पाणी हे स्नोमोबाईलवरून जाणाऱ्यासाठी मृत्यूचा सापळा ठरू शकते. कॅनडाच्या फौजदारी संहितेचे कलम 263 बर्फात भगदाड पाडणाऱ्यावर त्याभोवती पुरेसा बंदोबस्त करण्याचे बंधन घालते.

पाण्याची पातळी

मस्कोका सरोवराचे पाणी बाला येथील धरणांतून बाहेर पडते आणि पुढे जॉर्जियन उपसागराला मिळते. हिवाळ्याच्या अखेरीस पातळी मुद्दाम खाली आणून वसंतातील पाण्यासाठी जागा केली जाते. तरीही धरणांची क्षमता मर्यादित आहे, ती पूर थोपवणारी धरणे नव्हेत. 2013 व 2019 च्या वसंतात मोठे पूर आले. 2019 मध्ये ब्रेसब्रिजसह अनेक नगरांनी आणीबाणी जाहीर केली. बऱ्याच नौकागृहांच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि तरंगत्या बर्फाने धक्के मोडले. त्यामुळे नव्या आराखड्यात धक्क्याची उंची ठरवताना केवळ उन्हाळ्यातील सरासरी पातळी पाहणे धोक्याचे ठरते. उलट बाजूने, नौका आत येण्याइतके पाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या नीचतम पातळीलाही राहते की नाही, हेही पाहावे लागते.

आराखडा

नौकागृहातील प्रत्येक नौकेच्या जागेला घराप्रमाणेच खण म्हणता येईल. आजच्या बऱ्याच मोटारनौका सुमारे 8.5 फूट रुंद असतात. दोन्ही बाजूंस रबरी टेकू व हाताळणीची जागा धरून खण 10 ते 12 फूट रुंद ठेवणे सोयीचे. जुन्या नौकागृहांचे खण निमुळत्या नौकांसाठी बांधलेले असल्याने त्यांत आधुनिक नौका मावत नाही, ही खरेदीदाराची नेहमीची निराशा. दाराची उंचीही मोजावी, कारण पाण्यावरील खेळांच्या नौकांवर उंच कमान असते. दार शक्यतो प्रमुख वाऱ्याच्या दिशेला नसावे. मोकळ्या पाण्याचा पट्टा जितका लांब, तितकी लाट मोठी.

विजेची जोडणी हा चैनीचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. सदोष तारेतून पाण्यात वीज झिरपली, तर जवळ पोहणारा हातपाय हलवू न शकल्याने बुडतो. गोडे पाणी मानवी शरीरापेक्षा कमी वाहक असल्याने सरोवरात हा धोका समुद्रापेक्षा अधिक. गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवणे व धक्क्याजवळ वीज चालू असताना पोहू न देणे, हे दोन्ही आवश्यक आहे.

जमीन कोणाची

कॉटेजची जमीन खाजगी असली, तरी ओंटारियोत सरोवराचा तळ साधारणतः शासनाचा असतो. पाण्यात बांधलेले नौकागृह म्हणजे शासकीय जमिनीवरील बांधकाम. तळावर टेकणाऱ्या आधारांचे एकूण क्षेत्रफळ 15 चौरस मीटरपेक्षा जास्त असल्यास प्रांताचा वेगळा परवाना लागतो. याशिवाय नगरपालिकेची बांधकाम परवानगी लागते आणि केंद्राच्या मत्स्यव्यवसाय कायद्याचे पालन करावे लागते. माशांच्या विणीच्या काळात पाण्यातील काम बंद ठेवावे लागते. माडी बांधता येईल का, हे नगरपालिकेचे नियम व काठाची लांबी यांवर अवलंबून असते.

जुन्या मोजणीत अनेक सरोवरांभोवती 66 फुटांची पट्टी सार्वजनिक रस्त्यासाठी राखलेली आहे. हे माप म्हणजे मोजणीची एक साखळी. महाराष्ट्रातील गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे तिच्या नेमकी निम्मी. रस्ते झाले नाहीत, पण पट्टी कागदावर राहिली. मालकाने ती नगरपालिकेकडून विकत घेतलेली नसेल, तर त्याचे नौकागृह व त्याची जमीन यांच्यामध्ये सार्वजनिक जमीन असते.

विकत घेताना

तयार नौकागृहासह मालमत्ता घेताना मोजणीचा नकाशा, परवाने व वरील पट्टीचा व्यवहार आधी तपासला जातो. नंतर इमारत. छपराची कणारेषा मध्ये वाकलेली असणे, दारे अडकणे किंवा धक्का एका बाजूस झुकणे ही क्रिब सरकल्याची चिन्हे; नवा रंग ती झाकत नाही. पाणबुड्याकडून पाण्याखालची पाहणी करून घेणे हा खर्च दुरुस्तीच्या तुलनेत नगण्य असतो. पूर्वीच्या नियमांनुसार बांधलेले, आजच्या नियमांत न बसणारे माडीचे नौकागृह सहसा तसेच ठेवता व दुरुस्त करता येते. परंतु ते पाडल्यास पुन्हा तेवढे बांधण्याचा हक्क राहीलच असे नाही. म्हणून जुने पाडून नवे बांधण्याच्या इराद्याने खरेदी करणाऱ्याने नगरपालिकेकडून लेखी उत्तर घेणे इष्ट. अनेक विमा पॉलिसींत बर्फ व पुरामुळे नौकागृहाला होणारी हानी वगळलेली असते.